बांधीतलं तेल

भात आणि पोळी सोडा, साखर तर सोडाच, पण तूप-तेलाला घाबरू नका, हा सल्ला आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. तिरोडा, आमगाव, देवरीसारख्या तालुक्याच्या गावांतही मधुमेह झालेला माणूस ताटातला भात बाजूला सारतो आणि लाकडी घाण्याच्या तेलाची बाटली विकत आणतो. या सल्ल्याला एक शेपूट हमखास जोडलेलं असतं: आपले वाडवडील हेच खात होते, शुद्ध तेल आणि साजूक तूप भरपूर खाऊन ते ठणठणीत होते, बिघाड झाला तो रिफाइंड तेल आल्यापासून. कमी कर्बोदकांचा आहार कोणाला किती मानवतो हा वैद्यकाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माणसागणिक बदलेल. पण शेपटातला दावा इतिहासाचा आहे, आणि तो तपासायला गोंदियासारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यातला, मालगुजारी तलावांचा, धानाचा. इथे स्निग्ध पदार्थ होते, चांगले होते, आजच्या आहारशास्त्राने कौतुक करावं असेही होते. पण ते भाताला पर्याय म्हणून कधीच नव्हते. इथलं जवळजवळ प्रत्येक तेल धानाच्या आधाराने उगवलं, धानाच्या हंगामात बसलं आणि भातावर थोडंसं पडलं. भात काढून टाकला की त्या तेलाचा वारसाही उरत नाही. उरतं ते नुसतं तेल, आणि त्याची निवड त्याच्या गुणांवर आणि मापावर करावी लागते, वाडवडिलांच्या नावावर नव्हे.

जवसापासून सुरुवात केली पाहिजे, कारण पूर्व विदर्भाचं खरं खायचं तेल तेच. ते पिकवण्याची इथली रीत म्हणजे उतेरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारी धान पिवळा पडू लागतो, बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरातलं, पाणी उतरून चिखल तेवढा उरतो, आणि कापणीला दहा-पंधरा दिवस असताना उभ्या धानातच जवसाचं बी फेकलं जातं. ना नांगरट, ना खत, ना वेगळं पाणी. चिखलात रुतलेलं बी धानाच्या सावलीत उगवतं. विळ्याने धान कापला जातो तेव्हा बोटभर उंचीची रोपं धसकटांमध्ये उभी असतात. पुढे थंडीच्या दवावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढतात, निळी फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चात पीक निघतं. लाखोळी ही डाळही अशीच फेकतात. उत्पादन हेक्टरी जेमतेम काही क्विंटल, पण खर्च बियाण्याचा आणि काढणीचा. धानाने वापरून उरलेल्या ओलीतून जे निघेल ते तेल, असा हा व्यवहार होता. ज्या वर्षी परतीचा पाऊस दगा देई त्या वर्षी धानही जाई आणि जवसही जाई. धान गेला तर जवसावर निभावू, अशी सोय या पद्धतीत कधी नव्हतीच.

बरं, पिकलेलं सगळं जवस गावात खाल्लं जात होतं असंही नाही. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाकडून ब्रिटनला जाणारं जवस अडलं आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. पुढच्या काही दशकांत मध्य प्रांतातून जवस मुंबई बंदराकडे वाहू लागलं. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाइन १८८० च्या दशकात टाकली गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे आणि नागभीडकडे अरुंद रुळांचे फाटे निघाले. गोंदिया हे गाव बाजारपेठ बनलं ते या रुळांमुळे. युरोपात या तेलाचा उपयोग रंग, वार्निश आणि छपाईच्या शाईसाठी होई. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या दशकात जवसाचं तेल घट्ट करून लिनोलियम नावाचं फरशीवरचं आच्छादन काढलं, त्यालाही ते लागे. म्हणजे आज ज्या तेलाची छोटी बाटली आरोग्याच्या दुकानात काचेआड ठेवलेली असते, ते तेल एकेकाळी लंडनच्या जिन्यांवर पायाखाली घातलं जात होतं. यात विनोद आहे, पण रसायन एकच आहे. हवा लागली की हे तेल घट्ट होतं, सुकतं, पापुद्रा धरतं. रंगाऱ्याला जो गुण हवा होता तोच स्वयंपाकघरात दोष ठरतो. त्याकडे पुढे यावंच लागेल. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर जवस हे सारा भरायचं, सावकाराचं व्याज फेडायचं नगदी पीक होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत खिळखिळा केला. नंतर अर्जेंटिनाचं जवस जगाच्या बाजारात उतरलं आणि इथल्या जवसाचा भाव पूर्वीसारखा राहिला नाही. विकून जे उरलं ते तेल्याकडे गेलं, आणि ताटात आलं ते त्या उरलेल्यातून.

तेली हा इथल्या गावगाड्यातला मोठा समाज. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातल्या जाति-जमातींच्या ग्रंथात तेल्यांच्या एकबैले आणि दोनबैले अशा पोटशाखांची नोंद आहे: घाण्याला एक बैल जुंपणारे आणि दोन जुंपणारे. बैलांच्या संख्येवरून सोयरीक ठरावी इतका तो घाणा त्यांच्या आयुष्याचा कणा होता. जवसाच्या दाण्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्के तेल असतं, पण बैलघाण्याला ते सगळं काढता येत नसे. बरंच ढेपेत राही आणि ती ढेप बैलाच्याच पोटात जाई. डोळ्यांना झापड बांधलेला बैल एका घाणीला तास-दीड तास फिरणार, त्यातून काही शेर तेल निघणार, आणि गावातली घरं त्याच्याकडून आठवड्याच्या बेताने पळी-दोन पळी नेणार. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथे मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाण्यात सुधारणा केल्या आणि तो वर्धा घाणी म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामागची तळमळ नुसती शुद्धतेची नव्हती. गिरण्यांपुढे घाणा टिकत नव्हता, आणि घाणा गेला तर तेल्याचं काम आणि गुरांची ढेप दोन्ही गावातून जातील, ही चिंता होती. आजच्या 'लाकडी घाणा' या पाटीवर ही बाजू लिहिलेली नसते.

तेव्हा माणशी तेल किती खाल्लं जात होतं? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशात खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला सुमारे तीन किलो होता. दिवसाला आठ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचेही नाहीत. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात हाच आकडा १९.७ किलो आहे, दिवसाला ५४ ग्रॅम. आता कर्बोदकं अगदी तुटपुंजी ठेवणाऱ्या आहाराचा हिशेब करू. रोजच्या २००० कॅलरींपैकी ७० टक्के स्निग्धांतून घ्यायच्या म्हटलं, तर दिसणारं-न दिसणारं मिळून दिवसाला १५५ ग्रॅम स्निग्ध लागतं. दूध, अंडी, मांस, दाणे यांतून त्यातलं बरंच येईल हे खरं, तरीही वाडवडिलांच्या आठ ग्रॅमांशी याचं नातं सांगणं धाडसाचं आहे. त्या आठ ग्रॅमांचा उपयोगही पाहण्यासारखा आहे. विदर्भातला गोळाभात घ्या. जाडसर डाळ भिजवून, वाटून, तिखट-मीठ घालून गोळे वळायचे, ते भाताबरोबरच शिजवायचे, आणि ताटात गोळा कुस्करून त्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. झुणक्यावर तर कच्च्या तेलाचीच धार धरतात. दोन्हीकडे तेलाचं काम एकच, कोरडा घास ओला करून गिळायला सोपा करणं आणि मसाल्याचा वास पोहोचवणं. तेल पोट भरण्यासाठी नव्हतं. पोट भाताने भरत होतं.

मग मोहाचं काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. नवेगाव, नागझिरा, सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यातल्या गोंड आणि हलबी घरांत मोहाची टोळी, म्हणजे मोहाचं बी, हाच तेलाचा साठा असे. ते झाड धानाच्या बांधीवर अवलंबून नाही, त्यामुळे माझ्या मांडणीला मोह हा खरा आक्षेप आहे. मार्च-एप्रिलात फुलं गळतात. त्यांचा बोभाटा दारूमुळे इतका झाला की मागून येणाऱ्या फळाकडे कोणाचं लक्षच जात नाही. उन्हाळा सरता-सरता आणि पहिल्या पावसात फळं पिकतात. बी फोडून आतला गर वाळवला जातो, कुटून वाफवून दोन जाड लाकडांच्या फटीत दाबला जातो किंवा घाण्याला नेला जातो. या गरात जवळपास निम्मं स्निग्ध असतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, कारण त्यात संपृक्त आम्लं चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत आहेत. जवळपास तेवढंच ओलिक आम्ल आहे, जे ऑलिव्हच्या तेलात मुख्य असतं. म्हणूनच ते तापवायला टिकाऊ, आणि म्हणूनच इंग्रजी अमदानीत तुपात भेसळीला वापरलं जाई. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाचं बी जर्मनीपर्यंत जात होतं, साबणासाठी. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, टोळी वेचायचे दिवस म्हणजे नेमके धानाच्या पेरणीचे आणि पऱ्ह्यांचे, म्हणजे रोपांचे, दिवस. घरात मनुष्यबळ तेच, त्यामुळे किती तेल साठणार हे शेतीच्या कामातून किती हात मोकळे आहेत त्यावर ठरे. झाड बांधीबाहेर असलं तरी वेचणारा माणूस बांधीतलाच. दोन, मोह एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. त्यामुळे मोहाचं तेल हे अर्ध्या वर्षाचं, कधी कधी दोन-चार महिन्यांचं अन्न होतं. सणाच्या वड्याला, दिव्याला, फुटलेल्या टाचांना, आणि उरलं तर रोजच्या कालवणाला. आक्षेपाने एवढं मात्र सिद्ध होतं की संपृक्त स्निग्ध म्हणजे परकं किंवा आधुनिक पाप, ही समजूत खोटी आहे. इथल्या जंगलाने ते पिढ्यानपिढ्या पुरवलं. भरपूर पुरवलं, असं मात्र म्हणता येत नाही.

तुपाचा दावा तर अधिकच लंगडा. धानपट्ट्यातली जनावरं अंगाने लहान, चिखलणीला आणि गाडीला जुंपण्यासाठी पाळलेली. चारा म्हणजे धानाची तणस, जिच्यात पोषण थोडं. अशा गाईंच्या दुधातून घरोघर तुपाचे डबे भरत होते असं मानायला जागा नाही. मालगुजाराच्या वाड्यात तूप होतं, लग्नाच्या पंगतीत होतं, बाळंतिणीला होतं. 'आपले पूर्वज' म्हणताना कोणाचे पूर्वज धरायचे हे आधी ठरवावं लागेल. मालगुजाराचे धरले तर तूप सापडेल. त्याच्या तलावाच्या पाळीवर माती वाहणाऱ्याचे धरले तर नाही. ही पोकळी भरायलाच तर १९३७ पासून डालडा आला. वनस्पती तूप बाजारात खपलं याचं कारण जाहिरात होतं, तसंच साजूक तूप बहुतेकांच्या आवाक्यात नव्हतं हेही होतं. हायड्रोजन मिसळून घट्ट केलेल्या त्या तेलातली ट्रान्स आम्लं हृदयाला वाईट, हे पुढे सिद्ध झालं आणि जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातलं त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम लागू झाला. तेव्हा 'रिफाइंड येण्यापूर्वी सगळं शुद्ध होतं' म्हणणाऱ्यांनी मधली ही पन्नास-साठ वर्षं विसरू नयेत.

जवस गेलं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने गेलं नाही. १९७० च्या सुमारास इटियाडोह धरण झालं आणि अर्जुनी मोरगावच्या बाजूला कालव्याचं पाणी फिरलं. जिथे पाणी आलं तिथे उन्हाळी धान आला, आणि दुसरा धान घ्यायचा तर उतेऱ्याला बांधी मोकळी राहत नाही. धान हमीभावाने खरेदी होतो, पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळाची केंद्रं उघडतात, त्यावर बोनसची मागणी दर हंगामात गाजते. जवसाला असा वाली नाही. त्यात मोकाट चराईचा त्रास. कापणीनंतर गुरं सुटतात, आणि एकट्यानेच जवस पेरलेल्या शेतकऱ्याला कुंपण परवडत नाही. किराणा दुकानात १९९४ नंतर मलेशिया-इंडोनेशियाचं पामतेल मुक्तपणे येऊ लागलं, पश्चिम विदर्भातून सोयाबीनचं तेल आलं, आणि दोन्ही जवसापेक्षा स्वस्त, बिनवासाची होती. जवसाचा उग्र वास नव्या सुनांना नको होता, असं सांगितलं जातं. ते खरं असलं तरी पिशवीतलं तेल स्वस्त नसतं तर वासाची तक्रार कोणी ऐकली नसती. याच प्रवाहात एक विलक्षण गोष्ट घडली. जवसाचं तेल लवकर खवट होतं ते त्यातल्या अल्फा लिनोलेनिक आम्लामुळे, जे तेलाच्या निम्म्याहून अधिक असतं. हे ओमेगा-३ गटातलं आम्ल. शास्त्रज्ञांनी जवस पुन्हा खाद्यतेल व्हावं म्हणून नेमकं तेच आम्ल कमी असलेले वाण तयार केले. भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएल-९९ हा त्यातलाच. आणि इकडे शहरातलं गिऱ्हाईक जवस विकत घेतं ते त्या ओमेगा-३ साठीच. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत: एकाला तळायचं तेल हवं आहे, दुसऱ्याला औषध. गोंदियाच्या जुन्या घराला एकाच बरणीतून दोन्ही कामं भागवावी लागत होती, म्हणून ते तेल धूर येईपर्यंत तापवून वास मारत असत आणि त्यात त्याचं मोलाचं आम्लही काही अंशी घालवत असत. जुनं म्हणून ही रीत आज उचलण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. इतिहास काहीही असो, माणसं आता चिखलणी करत नाहीत, मधुमेह वाढतो आहे, तीन वेळचा भात झेपत नाही. मग भाताची जागा स्निग्धाने भरली तर बिघडलं काय? भात कमी करायला हवा, हे यातलं पहिलं अर्धं मान्यच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासातल्या १८,०९० प्रौढांच्या आहारावर आधारलेलं विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. नव्याने निदान झालेल्या मधुमेहात सुधारणा व्हायची तर कर्बोदकं ऊर्जेच्या साधारण ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावीत, असं त्याचं गणित सांगतं. पण मोकळी झालेली जागा त्यात प्रामुख्याने प्रथिनांना दिली आहे, सुमारे २० टक्के. स्निग्धं २१ ते २६ टक्क्यांच्या दरम्यानच आहेत. हे गणिती अनुमान आहे, प्रयोग नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. तरी ते गोंदियाच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे, कारण या जिल्ह्याच्या जुन्या ताटात तेलापेक्षा सकस असं दुसरंच काही होतं: बांधीतली लाखोळी, तलावातले मासे, बोड्यांमधले, म्हणजे लहान तळ्यांमधले, झिंगे. लाखोळीवर १९६१ मध्ये विक्रीबंदी आली, कारण दुष्काळात महिनोन्महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. महाराष्ट्राने ती बंदी पुढे उठवली. इथल्या परंपरेतून काही उचलायचंच तर मासे धरणाऱ्या धीवराच्या टोपलीतलं उचलावं.

आणि तीव्र कमी कर्बोदकांचा आहार ज्यांना वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायचाच आहे, त्यांनी त्याची खरी वंशावळ मान्य करावी. लंडनच्या विल्यम बँटिंगची १८६३ ची पुस्तिका, मेयो क्लिनिकमध्ये १९२१ साली रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी मांडलेला केटोजेनिक आहार, आणि १९७२ चं अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक. हा उपचार आहे, कुळाचार नाही. असं मानलं की तेलाची निवड सरळ होते. जवसाचं तेल चमचाभर, ताजं, न तापवता, काळ्या बाटलीत ठेवून. ढवळून घेतलेल्या ताकात किंवा चटणीवर. त्यातलं ओमेगा-३ माशातल्या ओमेगा-३ ची पूर्ण जागा घेत नाही, कारण शरीर त्याचं रूपांतर फार थोडं करतं. भाजलेल्या जवसाची चटणी तेलापेक्षा बरी, तिच्यात तंतू आणि प्रथिनंही येतात. फोडणीला आणि परतायला तूप किंवा मोहाचं तेल, दोन्ही तापायला सोशीक. पण दोन्हींत संपृक्त आम्लं भरपूर असल्याने रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर नजर ठेवून.

राहिलं ते गोंदियाच्या गिरण्यांचं नवं तेल, कोंड्याचं. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र होऊन गुरांपुढे जाई. भातगिरण्या सुधारल्या, तूस वेगळा निघू लागला, आणि शुद्ध कोंड्यातून द्रावकाने तेल काढणं जमू लागलं. त्यातही घाई असते: कांडप होताच कोंड्यातलं विकर तेल फोडू लागतं आणि काही तासांत ते खाण्याजोगं राहत नाही, म्हणून कोंडा लगेच तापवून स्थिर करावा लागतो किंवा कारखान्यात पोहोचवावा लागतो. उसन्या तांदळाचा कोंडा आधीच शिजलेला असल्याने त्यात हा त्रास कमी. तळणीला हे तेल उत्तम, आणि भात सोडलेल्या कित्येक घरांत आज तेच असतं. त्याचा हिशेब मात्र पाहावा. क्विंटलभर धानातून साधारण सात-आठ किलो कोंडा निघतो, त्यातून किलो-सव्वा किलो तेल, आणि सरकारी भरडाईच्या मापाने ६७ किलो तांदूळ. म्हणजे महिन्याला चार किलो कोंड्याचं तेल वापरणाऱ्या घरामागे कोणीतरी, कुठेतरी, सव्वादोनशे किलोच्या आसपास भात खात असतो. तो बहुतेक रेशनच्या दुकानातला असतो, आणि त्याच्या ताटात डाळ, मासे आणि चमचाभर जवसाची चटणी कशी वाढेल, हा तेलाच्या बाटलीवरच्या कोणत्याही पाटीपेक्षा या जिल्ह्याच्या आरोग्याचा अधिक मोठा प्रश्न आहे.